उपकरण आपलें, किल्ली कोणाची ?

शेतकरी बंधूंस या मासिकांत बीं, खत, विहीर आणि पंप यांजवर लिहिलेलें वाचावयाची संवय आहे. संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे ज्यास सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्याजवर, लेख पाहून कित्येकांस आश्चर्य वाटेल. परंतु हल्लीं पंपाच्या पेटींत, ट्रॅक्टरच्या इंजिनांत, खिशांतील फोनांत व घरांतील टीव्हींत ही आज्ञावली शिरली आहे. ज्या वस्तूचें मोल आपण मोजलें, ती वस्तु कोणाच्या हुकुमानें चालते, हा प्रश्न म्हणूनच आतां शेतकऱ्याचा झाला आहे.

प्रथम स्वतःचा अनुभव सांगतों. महसूल खात्यांतील कारकुनींतून निवृत्त होण्यापूर्वीं दोन वर्षें मीं विहिरीवरील मोटारीस फोनवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसविला. आमच्याकडे थ्रीफेज वीज आठवड्यांतून कांहीं दिवस रात्रींच येते. उसाच्या बांधानें बॅटरी घेऊन विहिरीवर जावयाचें म्हणजे साप व बिबट्या यांचें भय सोबत घेऊनच जावयाचें. स्टार्टरमुळें तें टळलें. पुढें एके दिवशीं फोनवर ‘संपर्क होत नाहीं’ असें उत्तर येऊं लागलें. विक्रेत्याकडे चौकशी करतां कळलें कीं, कंपनीनें तो नमुना बंद केला असून, ज्या दूरच्या सर्व्हरमार्फत आमचा हुकूम विहिरीवर पोंचत असे तो सर्व्हरहि बंद झाला आहे. नवा नमुना घ्यावा, हाच उपाय ! पेटींतील तारा, रिले, सिमकार्ड सर्व शाबूत. गांवांतील आय.टी.आय. झालेल्या मुलानें पेटी उघडली; तार न् तार त्यास समजली, परंतु चिपमधील आज्ञावली कुलुपबंद असल्यामुळें त्याचा इलाज चालेना. पेटी आमची, मोटार आमची, पाणी आमचें. किल्ली मात्र दुसऱ्याची, आणि ती घेऊन तो निघून गेलेला. पुन्हां रात्रीची वाट सुरू झाली.

या दुखण्यावर औषध आहे, व तें कांहीं नवें नाहीं. मनुष्य आज्ञावली लिहितो, तिच्या वाचतां येणाऱ्या रूपास मूळ संहिता म्हणतात. यंत्रास देतांना तिचें अंकांत रूपांतर होतें. तें मनुष्यास सहजासहजीं उमगत नाहीं. पुष्कळ कंपन्या अंकांचें रूप तेवढें देतात व मूळ संहिता दडवून ठेवितात. ओपन सोर्स पद्धतींत मूळ संहिता उघडी असते. कोणीहि ती वाचावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, असा परवानाच तिच्यासोबत मिळतो.

सन १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेच्या एका प्रयोगशाळेंत नवें छपाईयंत्र आलें. त्यांत कागद अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत फेर करून तेथील रिचर्ड स्टॉलमन यांनीं कागद अडकल्याची सूचना मिळण्याची सोय केली होती. नव्या यंत्राची संहिता मात्र मागूनहि मिळेना. सन १९८३ मध्यें त्यांनीं सर्वांस खुली अशी ग्नू ही प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला. सन १९९१ मध्यें फिनलंडांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा आरंभ केला. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनाचा गाभा लिनक्सचाच आहे. बियाणें शेजाऱ्यास देणें, त्यानें निवडून सुधारलेलें पुन्हां आपण नेणें, ही रीत ज्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांस ही कल्पना परकी वाटूं नये. सन २००१ च्या वाण-संरक्षण कायद्यानेंहि शेतकऱ्याचा बीं राखण्याचा व देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे.

खुल्या संहितेनें घरगुती उपकरण कसें सुधारतें, याचें एक उदाहरण देतों. सन २००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीनें डब्ल्यू.आर.टी. ५४ जी या नांवाचा राउटर, म्हणजे घरांत इंटरनेट वाटून देणारी लहानशी पेटी, बाजारांत आणला. त्यांत लिनक्स वापरलें आहे, हें सन २००३ मध्यें जाणकारांच्या ध्यानांत आलें. लिनक्सच्या परवान्याची अट अशी कीं, जो ती संहिता सुधारून विकील, त्यानें सुधारलेली संहिताहि खुली करावी. त्याप्रमाणें कंपनीस ती प्रसिद्ध करावी लागली. लागलीच जगभरच्या लोकांनीं तीवर मेहनत सुरू केली व सन २००४ मध्यें ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प निघाला. त्या साध्या पेटींत महागड्या उपकरणांच्या सोयी आल्या. कोणत्या कामास अग्रक्रम द्यावा हें मालकास ठरवितां येऊं लागलें. यांत कंपनी बुडाली काय ? मुळींच नाहीं. सन २००५ मध्यें तिनें नव्या आवृत्तींतून लिनक्स काढलें, तेव्हां लिनक्सवर चालणारा नमुना वेगळ्या नांवानें पुन्हां विक्रीस ठेवावा लागला, आणि तो पुढें कित्येक वर्षें खपत राहिला.

याच्या उलट बाजू अमेरिकेंतील शेतकऱ्यांनीं सोसली आहे. तेथील नव्या ट्रॅक्टरांत व कापणीयंत्रांत सुटा भाग बदलला तरी कंपनीच्या आज्ञावलीनें मान्यता दिल्यावांचून यंत्र पुष्कळदां पुरतें चालत नाहीं. ऐन सुगींत अधिकृत विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहावी लागते. सन २०१५ मध्यें असें कुलूप दुरुस्तीपुरतें उघडण्यास तेथें कायदेशीर सवलत मिळाली. कोलोराडो राज्यानें सन २०२३ मध्यें शेतीयंत्रें दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला; तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. जानेवारी २०२५ मध्यें तेथील संघराज्य व्यापार आयोगानें दुरुस्तीवरील निर्बंधांबद्दल जॉन डिअर कंपनीवर दावा दाखल केला. कंपनीनें आरोप नाकारले. आपल्याकडेहि ट्रॅक्टर दिवसेंदिवस संगणकी होत आहेत. पुढच्यास लागलेली ठेंच पाहून मागच्यानें शहाणें व्हावें, हें बरें.

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, संहिता उघडी ठेविली तर चोरास वाट सांपडेल. मीं उभा जन्म फेरफाराच्या नोंदींत घालविला. तलाठ्यानें नोंद केली कीं तिची प्रत चावडींत लावावयाची, संबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकत आली तर ती वादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहींत घ्यावयाची, आणि मगच वरिष्ठानें नोंद प्रमाणित करावयाची. चावडींत लावलेल्या नोंदींतहि खोटेपणा होतो, हें मी नाकारीत नाहीं. परंतु तो उघडकीस येण्याची वाट तरी राहते. दप्तरांत दडविलेल्या नोंदीचा खोटेपणा दोन पिढ्यांनीं दाव्यांतच कळतो. तथापि चावडींत कागद लावणें पुरेसें नाहीं, तो कोणीतरी वाचला पाहिजे. ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष एका खुल्या आज्ञावलींत दोन वर्षें पडून राहिला व सन २०१४ मध्यें उघडकीस आला. कारण जग जिच्यावर विसंबलें, तिची राखण मूठभर माणसें करीत होतीं. सन २०२४ मध्यें ‘एक्सझेड’ या आज्ञावलींत कोणी मुद्दाम चोरवाट घातली; परंतु संगणकास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक कां लागतो, याचा एका अभियंत्यानें छडा लावला म्हणून ती सांपडली. संहिता कुलुपांत असती तर त्यास शोध घेतांच आला नसता.

दुसरा आक्षेप, मग धंदा कसा चालावा ? रेड हॅट ही कंपनी खुल्या आज्ञावलीची देखभाल करूनच वाढली. सन २०१९ मध्यें आय.बी.एम. नें ती सुमारें ३४ अब्ज डॉलर देऊन घेतली. तिसरा आक्षेप, शेतकऱ्यास संहिता काय समजणार ? इंजिनाचें पिस्टन तरी आपणां सर्वांस कोठें बसवितां येतें ? बाजाराच्या गांवीं दोन मिस्त्री आहेत, आणि एकानें अडवून धरलें तर दुसऱ्याकडे जातां येतें, एवढें आपणांस पुरतें. खुली संहिता हा दुसरा मिस्त्री उभा करते.

आतां करावें काय ? एक, उपकरण घेतांना विक्रेत्यास स्पष्ट विचारावें : सर्व्हर बंद पडल्यास हें चालेल काय, व किती वर्षें पाठबळ मिळेल ? दोन, सोसायट्या व शेतकरी कंपन्या एकत्र खरेदी करितात, त्यांनीं हीच अट करारांत लेखी घालावी. एकट्याचें कोणी ऐकत नाहीं, शंभरांचें ऐकतात. तीन, जुने संगणक भंगारांत काढूं नयेत. विंडोज १० चें सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. परंतु अशा पुष्कळ संगणकांवर लिनक्स उत्तम चालतें, व त्यावर मराठींत लिहितांहि येतें. केरळांतील सरकारी शाळांतून मुलें कित्येक वर्षें त्यावरच शिकत आहेत. चार, केंद्र सरकारनें सन २०१५ मध्यें सरकारी कामांत ओपन सोर्सला अग्रक्रम देण्याचें धोरण ठरविलें आहे. अनुदानावर जीं उपकरणें शेतकऱ्यांस दिलीं जातात, त्यांसहि तें लागू करावें. आणि जी कंपनी एखाद्या उपकरणाचें पाठबळ सोडील, तिनें त्याची मूळ संहिता खुली केलीच पाहिजे, असा कायदा व्हावा. अशा आशयाचा ठराव आपल्या संघाच्या पुढील सभेपुढें आणावा, अशी माझी सभासद बंधूंस विनंती आहे.

जमिनीच्या उताऱ्यावर आपलें नांव असावें म्हणून आपण कचेरीचे उंबरे झिजवितों. विहिरीवरच्या पेटीचा उतारा कोणाच्या नांवें आहे, हेंहि एकदां पाहावें.