एका खेळाची दोन बिले

मुंबईच्या ट्राइन या कंपनीने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ नावाचा एक व्हिडिओ गेम तयार केला. गल्लीत खेळले जाणारे क्रिकेट हा त्याचा विषय. सोनी कंपनीने तो बाजारात आणला तो दोन स्वरूपांत. घरच्या टीव्हीला जोडावयाच्या प्लेस्टेशन-२ या यंत्रासाठी एक तबकडी, आणि हातात धरून खेळावयाच्या पीएसपी या छोट्या यंत्रासाठी दुसरी. त्याआधी हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीचा ‘देसी अड्डा’ असाच दोन तबकड्यांत आला होता. त्यात कबड्डी होती, पतंग होते आणि विटीदांडूही होता. संध्याकाळी घरी खेळलेला डाव सकाळी लोकलमध्ये पुढे चालवू इच्छिणाऱ्याला एकाच खेळाची किंमत दोनदा मोजावी लागे, कारण एका यंत्राची तबकडी दुसऱ्या यंत्रात शिरतच नसे. लाकडाच्या दोन तुकड्यांवर पिढ्यान् पिढ्या खेळल्या गेलेल्या विटीदांडूचे दोनदा बिल व्हावे, याला भांडवलशाहीची किमयाच म्हटले पाहिजे.

माहुलच्या पुनर्वसन वसाहतीत जाऊन कुणी हा प्रश्न काढला तर त्याच्या वाट्याला बहुधा हसूच येईल. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या शेजारी, एकमेकींना खेटून उभ्या केलेल्या त्या ७२ इमारती. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या पाडून २०१७ साली माणसे येथे आणून टाकण्यात आली. या परिसरातील हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यापूर्वीच, २०१५ मध्ये म्हटले होते. पुढे लोकांनी विद्याविहारच्या रस्त्यावर दीर्घ आंदोलन केले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला असे सांगावे लागले की यापुढे कुणालाही सक्तीने माहुलला धाडू नये, आणि ज्यांना तेथे राहावयाचे नाही त्यांना दुसरे घर मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाड्यापोटी द्यावेत. ज्यांना श्वासासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, त्यांच्यापुढे व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या तबकडीचे दुःख काय मांडावयाचे? हे पोट भरलेल्यांच्या मुलांचे दुखणे आहे, पक्षाने त्यात का पडावे, असा आक्षेप एखाद्या जुन्या कार्यकर्त्याने घेतला तर तो अर्धा खरा आहे.

उरलेला अर्धा मात्र तपासून पाहिला पाहिजे. जलवाहिनीच्या कडेच्या वस्तीत घरे कच्ची होती, पण दारापुढे गल्ली होती आणि तीत क्रिकेट फुकट होते. सातमजली इमारतीत ती गल्ली उरली नाही. उरला तो आईचा किंवा वडिलांचा मोबाइल. दोन यंत्रे विकत घेणाऱ्या श्रीमंताला जो नियम तबकडीच्या रूपाने लागू झाला, तोच नियम या मोबाइलमधून गरिबाच्या घरात आलेला आहे. भारतात लक्षावधी मुले खेळत असलेल्या ‘पबजी मोबाइल’वर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली. बंदीचे कारण वेगळे होते, तो येथे विषय नाही. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ नव्या नावाने परत आला. मधल्या काळात, मुलांनी खेळाच्या आत पैसे देऊन घेतलेल्या वस्तू कुणाच्याच हाती नव्हत्या. नंतर त्या नव्या खात्यात नेण्याची सोय कंपनीने केली, पण ती ठराविक मुदतीपुरती. म्हणजे वस्तू परत मिळाली ती कंपनीची मर्जी म्हणून. पैसे देणाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे. विकत घेतलेल्या लोखंडी तव्याच्या बाबतीत असे कुणी ऐकून घेतले असते काय?

समाजवाद्यांना हा प्रांत परका असण्याचे काही कारणही नाही. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी महागाईविरोधात लाटणी हाती घेतली, तेव्हा त्यांनी रॉकेल आणि तेल यांच्या भावामागचा हिशेब मागितला होता. भाव ठरतो कसा आणि तो ठरवतो कोण, हा त्या मोर्चांचा गाभा होता. वस्तू बदलली म्हणून प्रश्न बदलत नाही.

तेव्हा हिशेबच मांडू. दुसऱ्या बिलाचे समर्थन असे केले जाते की दोन यंत्रे आतून भिन्न असतात. हे म्हणणे एके काळी खोटे नव्हते. प्लेस्टेशन-२ साठी लिहिलेला खेळ पीएसपीवर जसाच्या तसा चालत नसे; चित्रे लहान करावी लागत, नियंत्रणे नव्याने बसवावी लागत, पुष्कळसा भाग पुन्हा लिहावा लागे. त्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे. परंतु खेळाची कल्पना, नियम, पात्रे, संगीत यांचे श्रम पहिल्या तबकडीत वसूल झालेले असतात. दुसऱ्या तबकडीच्या किमतीत फरकाचा श्रम किती आणि जुन्याच श्रमाची पुन्हा वसुली किती, हे कोणत्याही वेष्टनावर लिहिलेले नसते. शिवाय २००८ च्या पीएसपीला एक तार जोडली की तेच चित्र घरच्या टीव्हीवर दिसू शकत असे. भिंत यंत्रांमध्ये होती त्यापेक्षा दुकानात अधिक होती.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने ते आणखी उघड केले. ‘मॉन्स्टर हंटर ३ अल्टिमेट’ हा तिचा खेळ मार्च २०१३ मध्ये अमेरिका व युरोपात निन्टेंडोच्या घरच्या आणि हातातल्या अशा दोन्ही यंत्रांसाठी एकदमच आला. घरी खेळलेल्या डावाची नोंद हातातल्या यंत्रात नेता येत होती आणि परतही आणता येत होती. म्हणजे दोन्ही खेळ एकच आहेत, ही कबुली कंपनीनेच दिली. परंतु गिऱ्हाइकाने पैसे मात्र दोन खेळांचे द्यावयाचे! डाव एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, पण मालकी जात नाही. ही अडचण तंत्रज्ञानाची आहे असे आता कोण म्हणेल?

त्याच सुमारास सोनीने उलट पाऊल टाकले होते. २०१२ मध्ये तिने जाहीर केले की काही खेळ प्लेस्टेशन-३ साठी घेतले तर व्हीटा या हातातल्या नव्या यंत्रासाठीची प्रत फुकट मिळेल. अनेकांना हे औदार्य वाटले. वस्तुतः व्हीटा हे यंत्र अपेक्षेप्रमाणे खपत नव्हते आणि ते खपविण्यासाठी खेळाचे आमिष हवे होते. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. दुसऱ्या प्रतीसाठीचा श्रम २०१० मध्येही करावा लागे आणि २०१२ मध्येही करावा लागे. तरी एकदा तिची पूर्ण किंमत घेतली गेली आणि एकदा शून्य. म्हणजे ही किंमत श्रमावरून ठरतच नव्हती. कंपनीला त्या घडीला काय विकावयाचे आहे, यंत्र की खेळ, यावरून ती ठरत होती.

निन्टेंडोने २०१७ मध्ये ‘स्विच’ आणला. ते यंत्र टीव्हीला जोडता येते आणि उचलून बाहेरही नेता येते. एक यंत्र, एक प्रत. प्रश्न मिटला असे वाटले. पण दुसरे बिल मेले नाही, त्याने फक्त जागा बदलली. पूर्वी ते घर आणि प्रवास यांच्यामध्ये उभे होते, आता ते जुने यंत्र आणि नवे यंत्र यांच्यामध्ये उभे राहिले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ हा एकच खेळ २०१३, २०१४ आणि २०२२ अशा तीन वेळा, प्लेस्टेशनच्या तीन पिढ्यांसाठी विकला गेला. २०२५ मध्ये ‘स्विच-२’ आला तेव्हा जुन्या काही खेळांची सुधारित आवृत्ती हवी असणाऱ्यांकडून वेगळे पैसे घेण्यात आले. आपल्याकडे गीतरामायणाच्या बाबतीत कित्येक मराठी घरांनी हे अनुभवले आहे. आधी तबकड्या, मग कॅसेट, मग सीडी. गाणे बाबूजींचे तेच. निदान जुनी तबकडी शेजाऱ्याला देता येत होती किंवा जुन्या बाजारात विकता येत होती. व्हिडिओ गेमची तबकडीही येते. जो खेळ तबकडीशिवाय, तारेवरून थेट यंत्रात उतरतो तो मात्र ना देता येतो ना विकता येतो, आणि कंपनीने दुकान बंद केले की नव्याने घेताही येत नाही. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांसाठीचे असे दुकान बंद केले. त्याआधी २०२१ मध्ये सोनीनेही तसेच ठरविले होते. गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर काही आठवड्यांत तिने तो निर्णय बऱ्याच अंशी मागे घेतला. संघटित ओरडीचा उपयोग होतो, एवढे तरी त्यावरून दिसते.

हा दुसरा पैसा जातो कोठे? खेळ लिहिणारा, चित्रे काढणारा, आवाज देणारा यांपैकी बहुतेक जण पगारावर किंवा ठोक मोबदल्यावर काम करतात; प्रती दोन विकल्या गेल्या म्हणून त्यांची मजुरी दुप्पट होत नाही. अमेरिकेतील नटांच्या संघटनेने २०१६-१७ मध्ये व्हिडिओ गेमच्या कंपन्यांविरुद्ध जवळजवळ ११ महिने संप केला. खपाच्या प्रमाणात वाटा मिळावा ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. तो वाटा मिळाला नाही. कामाच्या सत्रांप्रमाणे वाढीव रक्कम मिळाली. भारतात कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत त्यासाठी आवाज उठविला होता, आणि चित्रपटातील गाणे अन्यत्र वापरले गेले की गीतकार-संगीतकाराला रॉयल्टी मिळण्याचा हक्क त्या दुरुस्तीने मान्य झाला. पडद्यावरचे गाणे पुन्हा विकले गेले की कवीला वाटा, आणि पडद्यावरचा खेळ पुन्हा विकला गेला की तो रचणाऱ्याला काही नाही! गंमत अशी की याच दुरुस्तीने ६५-अ हे कलमही आले. कंपन्या आपल्या मालाला जी तांत्रिक कुलपे लावतात, ती हक्कभंगाच्या हेतूने तोडणे त्या कलमाने गुन्हा ठरले. निर्मात्यांपैकी काहींना हक्क मिळाला. कुलूप मात्र सर्वच कंपन्यांना मिळाले.

तरीही १९५७ च्या या कायद्यात गिऱ्हाइकाच्या बाजूची एक खिडकी आहे. कलम ५२ अन्वये, ज्याच्याकडे संगणकीय कार्यक्रमाची प्रत रीतसर आहे त्याला, ती ज्या कामासाठी दिली गेली त्या कामासाठी वापरता यावी म्हणून तिची नक्कल किंवा रूपांतर करण्याची मुभा आहे. खेळ खेळण्यासाठी विकला गेला असेल, तर तो हातातल्या यंत्रावर खेळणे हे ‘त्याच कामात’ मोडते की नाही? या प्रश्नाची तड ग्राहक चळवळीने लावून घ्यावयास हवी. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून सांगितले की जेथे गिऱ्हाइकाला केवळ परवाना मिळतो, तेथे त्याला तसे स्पष्ट बजावल्यावाचून ‘विकत घ्या’ असे शब्द विक्रेत्याला वापरता येणार नाहीत. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे झाले ते येथे मागण्यास संकोच कशाला? फरकाच्या श्रमापुरतीच दुसरी किंमत आणि घेतलेली प्रत दुसऱ्यास देण्याचा हक्क, या मागण्या त्याच्या पुढच्या आहेत.

माहुलमधील कार्यकर्त्यांपुढचे काम हवा, पाणी आणि घर यांचे आहे, आणि ते आधी झाले पाहिजे. पण पुढच्या वेळी त्या इमारतींत सभा घ्यावयाची असेल तेव्हा मुलांना बाहेर पिटाळण्याऐवजी त्यांना बसवून घ्यावे आणि मोबाइलवरच्या खेळात आजवर किती रुपये गेले, कशाला गेले, आणि आज त्यातले हाती काय आहे, एवढे एका वहीत लिहून घ्यावे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून अस्तित्वात आहे. त्याच्यापुढे ठेवावयास अशी एक वही पुरेशी आहे.