दहा खुर्च्यांचं हॉटेल आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष



"सर, जागाच छोटी आहे, धंदा मोठा कसा होणार?" प्रत्येक बॅचमध्ये हा प्रश्न ठरलेला. आज त्याचं उत्तर एका जेवणातून देतो.

तारीख २३ एप्रिल २०१४. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा टोकियोत आले आणि त्याच रात्री पंतप्रधान शिंझो आबे त्यांना जेवायला घेऊन गेले. कुठे? गिंझा भागातल्या एका ऑफिस बिल्डिंगच्या तळघरात. हॉटेलचं नाव सुकियाबाशी जिरो. एक काउंटर, समोर दहा खुर्च्या. टॉयलेटसुद्धा दुकानाच्या बाहेर! मालक जिरो ओनो, तेव्हा वय ८८. त्या काळी इथलं एका माणसाचं जेवण साधारण ३०,००० येन, म्हणजे तेव्हाचे आपले सतरा-अठरा हजार रुपये.

आता विचार करा. एवढे पैसे लोक कशाचे देत होते? एसीचे, सोफ्याचे, झुंबराचे तर नक्कीच नाही.

इथे मिळते फक्त सुशी. म्हणजे आंबवणी घातलेल्या भाताचा छोटा मुटका आणि त्यावर मासळीचा काप. मेनूकार्डातून निवडायची भानगड नाही. त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळालं, त्याचे वीसेक घास मालक ठरवेल त्या क्रमाने समोर येतात. जपानीत याला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. गिऱ्हाईक असं कधी म्हणतं? पुरता विश्वास बसल्यावरच.

तो विश्वास कसा बसला, ते २०११ साली जिरोंवर आलेल्या माहितीपटात दिसतं. ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून शिकाऊ पोरं तो चाळीस-पन्नास मिनिटं हाताने चोळतात. भात अंगाच्या उबेइतकाच कोमट ठेवतात. गिऱ्हाईक डावखुरं दिसलं की घास ठेवायची बाजू बदलते. तांदळाचा व्यापारी असा पक्का की एका मोठ्या हॉटेलने तोच तांदूळ मागितला तरी त्याने दिला नाही!

आता आपल्याकडे या. नवीन हॉटेल उघडलं की बोर्डावर काय असतं? पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पिझ्झा, शिवाय उपवासाचे पदार्थ. का? एक गिऱ्हाईक परत जाईल ही भीती. माझं स्पष्ट मत आहे, ही भीतीच छोट्या धंद्याला खाते. दीडशे पदार्थ म्हणजे दीडशे पदार्थांचा माल, फ्रीजमध्ये अडकलेले पैसे, वाया जाणारं सामान आणि कशातच हात न बसलेला आचारी. मग चव बेताची, म्हणून भाव कमी, म्हणून नफा नाही. या चक्रात किती जणांचे दागिने गहाण पडलेत, तुम्हीही बघितलं असेल.

कोणी म्हणेल, "सर, ते जपान आहे, इथे चालत नाही." चालतं की! फक्त मिसळ विकून दुपारीच शटर ओढणारी दुकानं आपल्या गावागावात आहेत. रांग तिथेच असते.

पण दोन गोष्टी नीट ऐका. पहिली, घाईने भाव वाढवू नका. जिरोंनी दुकान काढलं १९६५ साली. मिशेलिन या नामांकित गाइडचे तीन स्टार मिळाले २००७ मध्ये. मध्ये ४२ वर्षं गेली! आधी हात बसू द्या, भाव मागाहून येतो.

दुसरी, छोटं राहा पण दार लावून घेऊ नका. २०१९ मध्ये मिशेलिनने हेच हॉटेल यादीतून काढलं. चव बिघडली म्हणून नव्हे. साध्या माणसाला तिथे बुकिंगच मिळत नव्हतं म्हणून. माझ्या मते ते योग्यच झालं. जिथे ओळखीशिवाय जागा नाही, ते दुकान राहत नाही, क्लब होतो.

या आठवड्याचं काम: गेल्या तीन महिन्यांची बिलं काढा. प्रत्येक वस्तूने खर्च जाऊन किती पैसे दिले, ते वहीत लिहा. तळाच्या पाच वस्तू महिनाभर बंद ठेवा आणि तो वेळ वरच्या एका वस्तूवर घाला. वस्तू एकच असली तरी चालेल, पण तिच्यासाठी माणूस वाट वाकडी करून तुमच्याकडे आला पाहिजे.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर धंदा जपा, तब्येत जपा!