सातबारा आधी, इसार नंतर

निवृत्त झालेल्या आपल्या अनेक बांधवांची इच्छा असते, शहराजवळच्या खेड्यात एखादे घर आणि भोवती एकदोन एकर जमीन घ्यावी. ज्यांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले, त्यांच्या लेकरांनी जमिनीचे मालक व्हावे, याचा आम्हाला आनंदच आहे. पण फंडाचा पैसा एकदाच मिळतो. मुळशी-मावळात रंगीत फलक पाहून इसार देऊ नका. आधी सातबारा काढा.

१९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा किंवा कुळाचे नाव आहे का, ते पाहा. जुने फेरफार वाचा. विकणाऱ्याच्या बहिणींचाही हक्क असू शकतो, तेव्हा त्यांच्या सह्या हव्यात.

'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले दिसले, तर थांबा. महार वतन १९५८ च्या कायद्याने संपले, आणि त्यातल्या पुष्कळ जमिनी अशाच अटीवर परत मिळालेल्या आहेत. त्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. तसा व्यवहार झाला तर सरकार जमीन काढून घेऊ शकते. मग घेणाऱ्याचा पैसा बुडतो आणि विकणाऱ्या आपल्याच भावाची वडिलोपार्जित जमीनही जाते. स्वस्त मिळते म्हणून तिला हात लावू नये.

आणि खरेदीखतावर घरच्या बाईचेही नाव घाला. संसार दोघांनी केला, जमीनही दोघांची असावी.