हळू बोलण्याची श्रीमंती

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आपल्या सुशिक्षित मंडळींच्या बैठकीत एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. इंग्रजीत मंद बोलण्याला आणि श्वासाच्या प्रत्येक लकबीला स्वतंत्र शब्द आहे. 'व्हिस्पर' वेगळे, 'मर्मर' वेगळे, 'मंबल' वेगळे. मराठी मात्र रांगडी. तिला गर्जना करता येते, कुजबुजता येत नाही! आक्षेप घेणाऱ्याला 'कुजबुजणे' हा शब्द वापरल्यावाचून आपला आक्षेप मांडता येऊ नये, यातच त्याचे अर्धे उत्तर आहे.

इंग्रजीची श्रीमंती नाकारण्याचे कारण नाही. ती आली कोठून, एवढे मात्र पाहिले पाहिजे. 'व्हिस्पर' हा जुन्या इंग्रजीतला, शीळवाचक 'व्हिसल'चा भाऊबंद. कंठातील स्वरतंतू न कंपवता निसटणारा वारा त्याच्या उच्चारातच ऐकू येतो. 'मर्मर' लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला. आपल्या संस्कृतातही पानांच्या सळसळीला 'मर्मर' असेच म्हणतात. धापेने तोंड वासणे सांगणारा 'गॅस्प' नॉर्स लोकांचा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ जांभई देणे. धाप लागणे या अर्थाच्या 'पँट'चे कूळ तर ग्रीक 'फँटेसिया'पर्यंत पोहोचते. दुःस्वप्नाने छाती दडपावी, ती ही धाप. म्हणजे या संपत्तीचा बराच भाग उसना आहे. परंतु इंग्रजांनी ती नित्य व्यवहारात खेळवली, म्हणून ती त्यांची झाली.

आता आपली तिजोरी उघडू. कुजबुज दोघांची, पुटपुटणे एकट्याचे. हितगुजात जिव्हाळा असतो, कानगोष्टीत तिसऱ्याला वगळलेले असते. उसासा, सुस्कारा, हुंकार, धाप यांपैकी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ओठ हलावेत पण शेजाऱ्यास ऐकू जाऊ नये, अशा जपाला आपण उपांशु म्हणतो. रंगभूमीवर इतरांना चुकवून एकाशीच बोलण्याला जनांतिक. एवढे असता आपले भाषांतरकार इंग्रजी कथेतील प्रत्येक मंद स्वराला 'तो हळूच म्हणाला' या एकाच दावणीला बांधतात. दोष भाषेचा की आळशी लेखणीचा?

लॅटिन 'स्पिरारे' म्हणजे श्वास घेणे. त्यावरून 'इन्स्पायर', 'अस्पायर', 'एक्स्पायर' झाले आणि एकत्र श्वास घेणे या अर्थाचे 'कॉन्स्पायर' कटवाल्यांच्या वाट्याला गेले. ही व्युत्पत्ती आमची मंडळी मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु आपल्या 'श्वस्' धातूपासून 'विश्वास' आणि 'आश्वासन' झाले, हे त्यांपैकी कितीजण सांगतात? घाबरलेल्याला पुन्हा श्वास घेऊ देणे, हे आश्वासनाचे मूळ. कचेरीत दररोज आश्वासने लिहिणाऱ्यांनी तरी हे विसरू नये.

हा केवळ कोशाचा वाद नाही. परप्रांतात मराठी मोठ्या आवाजात सुखरूप असते. गणेशोत्सवातील व्याख्यान, मंडळाची सभा, नाटकाचा प्रयोग यांत तिला धोका नाही. ती प्रथम नाहीशी होते ती मंद स्वरातून. आजारी मुलाच्या उशाशी, पतिपत्नींच्या रात्रीच्या बोलण्यात, मनाशी केलेल्या तक्रारीत परभाषा शिरली, की व्यासपीठावरची मराठी हा नुसता पोशाख उरतो. मुलांना 'व्हिस्पर' अवश्य शिकवावे. पण त्याआधी त्यांच्या कानाशी कोणी मराठीत कुजबुजलेले असावे. तेवढे घरात घडत नसेल, तर मराठी दरिद्री असल्याची तक्रार करण्याचा अधिकार आपणास नाही.