दोन टक्के आणि दोन पायऱ्या

परवा एका मैत्रिणीच्या ऑफिसात गेले होते. निमित्त सॉलिड होतं. कंपनीच्या पैशांतून चाललेल्या ट्रेनिंगची बॅच पास झाली होती आणि सर्टिफिकेट वाटपाचा कार्यक्रम होता. मैत्रीण सीएसआर विभागात, त्यामुळे तिची नुसती धावपळ. सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट, स्टेजवर फुगे, मागे समोशांचा वास आणि 'जरा हसा ना' म्हणणारा फोटोग्राफर... एकदम टिपिकल कॉर्पोरेट सोहळा!

बॅच होती दिव्यांग मुलामुलींची. तीन महिने टॅली, एक्सेल आणि स्पोकन इंग्लिश. त्यातली एक मुलगी व्हीलचेअरवर होती. बिल्डिंगच्या दाराशी पायऱ्या दोनच, पण तिला खुर्चीसकट उचलायला दोन सिक्युरिटीवाले लागले. ती ओशाळून हसली. कार्यक्रम आटोपल्यावर तिने मैत्रिणीला सरळच विचारलं, "मॅडम, इथे अकाउंट्सला जागा आहे का?"

मैत्रीण गप्प. जागा होती, बरं का! त्याच आठवड्यात अकाउंट्समध्ये भरती चालू होती. पण भरती एचआर बघतं, ते सहाव्या मजल्यावर. सीएसआर तिसऱ्या मजल्यावर. दोघांची गाठ पडते ती फक्त लिफ्टमध्ये.

आता जरा पैशांचा फंडा समजून घेऊ. बोअर होणार नाही, प्रॉमिस! २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असेल तरी कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. कशावर, याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. रोजगारासाठी लागणारी कौशल्यं शिकवणं त्यात आहे आणि त्यातही स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांचा खास उल्लेख आहे. म्हणजे तुमची कंपनी मोठी असेल, तर तुम्ही रात्री जागून गाठलेल्या टार्गेटचा एक तुकडा अशा एखाद्या बॅचपर्यंत पोचत असेल. कॉलर ताठ करायला हरकत नाही!

पण थांबा. अनुदान मिळतं कसं? संस्था प्रपोझल लिहिते. त्यात ठळक अक्षरात एक आकडा असतो : एका माणसामागे खर्च किती. देणाऱ्याला तो कमी हवा आणि माणसं जास्त हवीत. इथेच गोची होते. कर्णबधिर मुलांच्या वर्गाला सांकेतिक भाषेचा दुभाषा लागतो. अंध मुलाच्या कम्प्युटरवर स्क्रीन रीडर लागतो आणि तो शिकवणारा माणूसही. व्हीलचेअरवरच्या मुलीला रोजची रिक्षा लागते. दर मात्र सगळ्यांना सारखा! मग संस्था काय करणार? बारावी पास, जवळ राहणारा, ज्याला फारशी मदत लागत नाही असा उमेदवार आधी घेणार. त्यात संस्थेची लबाडी नसते, तिचा हिशोब असतो. आणि ज्याच्यासाठी योजना निघाली, तो दाराबाहेरच.

दुसरा प्रश्न, पैसे कशाबद्दल मिळतात? २०१५ मध्ये केंद्र सरकारने कौशल्य प्रशिक्षणासाठी समान निकष काढले. त्यात पैसे तीन हप्त्यांत वाटले होते. बॅच सुरू झाली की ३० टक्के, उमेदवार सर्टिफिकेटसह बाहेर पडले की ५० टक्के आणि उरलेले २० टक्के नोकरी लागण्यावर. म्हणजे ऐंशी टक्के रक्कम नोकरीच्या आधीच हातात. फुगे आणि फोटो नेमके याच टप्प्यावर का असतात, आलं लक्षात?

वेगळा प्रयोगही झालाय. २०२१ मध्ये राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ आणि ब्रिटिश एशियन ट्रस्टने काही देणगीदार संस्थांना सोबत घेऊन स्किल इम्पॅक्ट बाँड आणला. लक्ष्य ५० हजार तरुणांचं, त्यांत ६० टक्के मुली. इथे आधी पैसे घालणाऱ्याला ते परत मिळणार निकाल पाहून. आणि निकाल म्हणजे नुसतं सर्टिफिकेट नाही. नोकरी लागली का, आणि तीन महिन्यांनी माणूस त्या नोकरीवर टिकलाय का, हेही मोजायचं. साधी गोष्ट, पण त्यामुळे संस्थेला सर्टिफिकेटनंतरही फोन करत राहावं लागतं. 'बस मिळते का? साहेब नीट वागतात का? डबा कुठे खातेस?' नोकऱ्या सुटतात त्या अशाच बारीकसारीक कारणांनी.

आता परत त्या दोन पायऱ्यांकडे येऊ. मैत्रिणीने मला एक भन्नाट गोष्ट सांगितली. कंपनी बाहेरच्या शंभर जणांच्या ट्रेनिंगला सीएसआरमधून पैसे देऊ शकते. पण स्वतःच्या ऑफिसात, स्वतःच्या कर्मचाऱ्यासाठी रॅम्प बांधला, तर तो खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. नियमाचा हेतू बरोबरच आहे. नाहीतर उद्या साहेबांची केबिनही समाजसेवेत गेली असती! पण परिणाम असा, की अनुदान गेटपर्यंत येतं आणि तिथेच थांबतं. गेटच्या आतला खर्च कंपनीने आपल्या खिशातून करायचा. आणि तिथे कोणी फोटो काढत नाही.

कायदा मात्र गेटच्या आतही येतो. २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा प्रत्येक आस्थापनेला, अगदी खासगी कंपनीलाही, समान संधी धोरण जाहीर करायला सांगतो. २०१७च्या नियमांप्रमाणे वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर कुठल्या जागा योग्य आहेत, सोयी काय आहेत, निवड कशी होणार, हे त्यात लिहायचं आणि एक संपर्क अधिकारीही नेमायचा. तुमच्या ऑफिसात तो कोण आहे? नाही ना माहीत? मलाही माझ्या ऑफिसातला माहीत नव्हता. विचारल्यावर एचआरने सांगितलं, "बघून कळवतो."

तर बॉस, ज्ञान पुरे. या आठवड्याचा होमवर्क तीन ओळींचा. एक, एचआरला मेल टाकून समान संधी धोरणाची प्रत मागा. दोन, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. आयटीवाल्यांची परवानगी घेऊन तो लावा आणि मॉनिटर बंद करून रजेचा अर्ज भरून बघा. दहा मिनिटांत कळेल, तुमच्या सिस्टिमवर अंध सहकारी काम करू शकेल का. तीन, सीएसआरच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला जाल, तेव्हा तुमच्या टीममधल्या रिकाम्या जागेची माहिती खिशात ठेवून जा.

मैत्रिणीने दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचा बायोडाटा सहाव्या मजल्यावर नेऊन दिला. मेल नाही, स्वतः गेली. इंटरव्ह्यू झाला, बराही झाला म्हणे. निकाल अजून यायचाय. रॅम्पचा प्रस्ताव अॅडमिनकडे आहे. दोन पायऱ्यांचा रॅम्प, त्याला तीन सह्या लागतात. दोन झाल्यात.

सोमवारी आत शिरताना तुमच्या ऑफिसच्या पायऱ्या मोजा. आणि किती निघाल्या ते फक्त मला नको, अॅडमिनलाही कळवा!