सज्जन पतीची पत्नी

पती सज्जन असताना पत्नीने स्वातंत्र्याची इच्छा धरावी, ही निव्वळ कृतघ्नता होय, असे मत आपल्या सुशिक्षित कुटुंबांतूनही छातीठोकपणे मांडले जाते. केट शोपँ या अमेरिकन लेखिकेच्या 'एका तासाची कथा' या लघुकथेतील नायिकेवर तर हा आरोप हमखास होतो. आम्हांला तो साफ अमान्य आहे.

१८९४ साली प्रसिद्ध झालेली ही कथा जेमतेम हजार शब्दांची. लुईझ मॅलर्ड ही हृदयविकार जडलेली तरुण गृहिणी. रेल्वे अपघातात पती ब्रेंटली मरण पावल्याची वार्ता बहीण तिच्या कानी जपून जपून घालते. लुईझ ओक्साबोक्शी रडते, मग खोलीत एकटीच उघड्या खिडकीपाशी बसते. बाहेर वसंत ऋतू आहे, चिमण्या चिवचिवत आहेत. आपण आता मोकळ्या झालो, असे ती नकळत पुटपुटू लागते. काही वेळाने ती जिना उतरते, तो दार उघडून ब्रेंटली आत येतो! अपघातस्थळापासून तो दूरच होता. लुईझ तेथेच प्राण सोडते.

'काय ही पाषाणहृदयी बाई!' असे म्हणून वाचक पुस्तक मिटतो. त्याने कथा नीट वाचलेली नसते. लेखिकेने ब्रेंटलीला दारुडा वा जुलमी रंगवलेले नाही. त्याचे हात मायाळू होते. मृत्यूने निश्चल झालेले ते हात पाहून आपल्याला पुन्हा रडू कोसळणार, हे लुईझला ठाऊक आहे. खलनायक उभा केला असता, तर त्याला दूषणे देऊन आपण सारे सुटलो असतो. शोपँने ती पळवाट बंद केली. दुसऱ्याच्या मनावर आपली इच्छा लादणे हा अपराधच, मग तो मायेपोटी घडो वा क्रौर्यापोटी, हे लुईझला त्या खिडकीत उमगते. तो अपराध पुरुष करतात तसा स्त्रियाही करतात, हेही ती जाणते.

हे कोणा धर्मद्वेष्टीचे लेखन म्हणून बाजूस सारता येणार नाही. केट सेंट लुईस शहरातील कॅथलिक घरात जन्मली, धर्मभगिनींच्या शाळेत शिकली. १८५५ साली वडील रेल्वे अपघातातच गेले. आई, आजी व पणजी अशा तीन विधवांच्या सहवासात ती वाढली. १८८२ साली पती ऑस्कर वारला तेव्हा पदरी सहा मुले आणि डोक्यावर कर्ज. लुईझियानातील त्याचा व्यवसाय तिने वर्षभराहून अधिक काळ स्वतः सांभाळला. कर्त्या बाईला स्वतःचे निर्णय घेण्याची मुभा वैधव्यानेच मिळावी, ही विसंगती तिने जवळून पाहिली होती.

यावर पवित्र शास्त्र पुढे केले जाते. इफिसकरांस पत्र, अध्याय पाच, वचन बावीस, म्हणजे पत्नीने पतीच्या अधीन असण्याविषयीचे, पुरुषमंडळींना तोंडपाठ असते. एकविसावे वचन मात्र कोणी म्हणून दाखवीत नाही. त्यात परस्परांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे! पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रीच्या प्रतिष्ठेवरील १९८८ च्या पत्रात ही परस्पर अधीनताच ठासून सांगितली. १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ११३५ वैवाहिक जीवनात दोघांचे हक्क व कर्तव्ये समान मानते. विवाह संस्कारात वेदीपुढे दोघांचीही संमती विचारली जाते. त्या दिवसानंतर पत्नीला काही विचारायचेच नाही, हा अर्थ कोणत्या धर्मशास्त्रातून काढला?

माहेरी जायचे कधी, तिचा पगार ठेवायचा कोणाकडे, हे परस्पर ठरवून 'तिला त्यातले काय कळते?' असे म्हणणारा पती बहुधा सज्जनच असतो. दर रविवारी तो सहकुटुंब मिस्सेला येतो.

कथेच्या अखेरीस डॉक्टर मंडळी येतात आणि आनंदातिरेकाने हृदय बंद पडले, असे निदान करतात. तिच्या मरणाचे कारणही इतरांनीच ठरवले. आणि ब्रेंटली? तो हातात पिशवी नि छत्री घेऊन प्रवासाच्या धुळीने माखलेला घरी परतला होता. अपघात झाल्याचेही त्याच्या गावी नव्हते.