माहिती आधी घरी, मग पुण्याला

‘पालकांना त्यातलं काय कळतं?’ असं शिक्षण खात्यात कोणी कागदावर लिहीत नाही, पण कारभार चालतो तो याच समजुतीवर. नागपूरजवळच्या कळमेश्वर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतली पाचवीची कोणतीही मुलगी घ्या. तिचं नाव आणि जन्मतारीख राज्याच्या ‘सरल’ नोंदणीत आहे, केंद्राच्या ‘युडायस’मध्ये आहे. पायाभूत आणि संकलित चाचण्या झाल्या की शिक्षक तिचे गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरतात आणि ते पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्रात जमा होतात. एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या तिच्या बापाला मात्र वर्षअखेरीस प्रगतिपत्रकावर दिसतं ते एवढंच: गणित, क-1.

या लेखाचं म्हणणं सरळ आहे. मुलाच्या शिकण्याविषयीच्या माहितीवर पहिला हक्क घराचा आहे आणि ती घरी नीट पोचली तर घर शिकवण्यात उतरतं. यात उपकार कसला? 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणं हे त्यातलंच एक. पटनोंदणीइतकंच हेही कायद्याचं काम आहे. तरी विरोधात जे बोललं जातं ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा की पालक अडाणी आहेत, त्यांना आकडे कळत नाहीत. संत्र्याची बाग व्यापाऱ्याला देताना झाडावरचा माल नजरेने जोखणारा आणि वेचलेल्या कापसाच्या किलोवर मजुरीचा हिशेब तोंडी करणारी यांना आकडे कळत नाहीत, हे कळमेश्वरात तरी कोणी म्हणू नये. त्यांना कळत नाही ती आपली सांकेतिक भाषा. क-1 म्हणजे 51 ते 60 टक्के. पण मुलीला भागाकार येतो की नाही, हे त्यातून मास्तरालाही सांगता येणार नाही. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी आल्या, पण त्यांच्याही तयार याद्या निघाल्या आणि वर्गातल्या निम्म्या मुलांना ‘वाचनाची आवड आहे’ हाच शेरा मिळू लागला. याउलट ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून ‘असर’ पाहणीत वापरलेली पद्धत बघा. मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, परिच्छेद वाचतं की गोष्ट वाचतं, एवढंच त्यात पाहायचं असतं. स्वतः शाळेत न गेलेल्या आईलाही आपलं लेकरू कुठे अडखळतं ते कानांनी कळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. 2005-06 मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावोगावी सभा घेऊन शाळांची स्थिती आणि गाव शिक्षण समित्यांचे हक्क लोकांना सांगितले गेले. काही गावांत मुलांचं वाचन गावकऱ्यांनीच तपासून गावाचं प्रगतिपत्रक तयार केलं. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डफ्लो प्रभृतींनी परिणाम मोजला, तेव्हा शाळेतला लोकांचा सहभाग काही वाढलेला दिसला नाही. मग माहिती देऊन उपयोग काय, असं विचारलं जातं. पण त्याच प्रयोगाचा तिसरा भाग सांगायचा राहून जातो. जिथे गावातल्या तरुणांना वाचनवर्ग घेण्याचं साधं प्रशिक्षण मिळालं, तिथे त्या वर्गांना गेलेली मुलं वाचू लागली. म्हणजे तिथे नुसता आकडा वाया गेला आणि आकड्याबरोबर करण्याजोगं काम दिलं तेव्हा तो कामाला आला. सगळीकडे मात्र आकडा वाया जात नाही; पाकिस्तानातल्या पंजाबात 112 गावांमध्ये झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही लक्षात घ्यावा. तिथे निम्म्या गावांत प्रत्येक पालकाला आपल्या मुलाचे आणि गावातल्या शाळांचे गुण दिले. त्या गावांत मुलांचे गुण वाढले, शिवाय खासगी शाळांची फी खाली आली.

तिसरा आक्षेप: कमी गुण कळले की घरी पोराला मार बसतो. ही भीती खरी आहे. पण मार बसतो तो क्रमांकामुळे, शेजारच्या पोराशी होणाऱ्या तुलनेमुळे आणि ‘तुमचा मुलगा मागे आहे’ या मोघम तक्रारीमुळे. म्हणून वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गुणांची यादी टाकणं बंद झालंच पाहिजे. ‘हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही, रोज दोन उदाहरणं सोडवून घ्या’ असं सांगितलं तर बापाच्या हाताला वेगळं काम मिळतं.

चौथा आक्षेप खासगीपणाचा. तो इतरांविरुद्ध योग्य आहे, पालकांविरुद्ध मात्र उलटा आहे. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची संमती हा मूळ नियम आहे. ‘अपार’ ओळखक्रमांकासाठीही शाळा पालकांची सही घेते. माहिती वर पाठवताना ज्यांची सही लागते, त्यांनाच ती दाखवताना ते परके कसे होतात?

उरला शिक्षकांवरचा भार, आणि इथे शिक्षकांची बाजू घेतली पाहिजे. रकाने भरून त्यांचे हात दुखतात. म्हणून या कामासाठी नवं अॅप नको, नवा तक्ता नको. भरलेलीच माहिती परत फिरवायची आहे. वहीत चिकटवलेल्या चिठ्ठीवर तीन ओळी पुरेत: मूल आज कुठे आहे, घरी काय करायचं, पुन्हा केव्हा पाहायचं. राज्यात हे अगदी नवीनही नाही. शाळापूर्व तयारीच्या ‘पहिले पाऊल’ मेळाव्यात पहिलीत येणाऱ्या मुलाची तयारी आईसमोरच पाहतात, विकासपत्र भरतात आणि माता गटाला घरी करायच्या कृती सांगतात. पहिलीच्या उंबऱ्यावर जी आई चालते ती तिसरीत नकोशी का व्हावी?

मात्र घराची रीत शाळेने ओळखली पाहिजे. घरातला एकुलता फोन बापाबरोबर कारखान्यात जातो, म्हणून चिठ्ठी कागदावर हवी. कामासाठी परप्रांतातून आलेल्या घरांसाठी ती हिंदीतही हवी. पालकसभा सकाळी अकराला ठेवून ‘पालक येतच नाहीत’ म्हणणं हा अन्याय आहे; वेचणीच्या दिवसांत ती संध्याकाळी घ्यावी, पाळ्या बघून घ्यावी. शिवाय माहितीची वाट दुहेरी असते. हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढंच लिहिलेलं असतं. आई कापसाला गेली की धाकट्या भावाला सांभाळायला ती मुलगी घरी थांबते, हे फक्त घर सांगू शकतं. ते कळलं तर त्या हंगामात तिच्यासाठी काय करायचं ते शाळेला ठरवता येईल.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के सदस्य पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. समितीच्या बैठकीत खोलीच्या गळतीआधी वर्गवार दोन गोष्टी वाचाव्यात: किती मुलं गोष्ट वाचतात आणि कोणत्या वर्गाची हजेरी घसरली. मुलांची नावं घेऊ नयेत. कळमेश्वर पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही, कारण कलम 24 आधीपासूनच लागू आहे. येत्या पायाभूत चाचणीपासून क्रम तेवढा बदलावा. गुण चॅटबॉटवर चढण्याआधी त्यांचा अर्थ घरी पोचावा आणि ते काम झालं की नाही, हेच केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत पहिल्यांदा विचारावं.